वेर्ण्याच्या भाचीला मामांचं पत्र

बोईसरच्या मामांनी गोव्यात वेर्ण्याला नोकरी करणाऱ्या भाचीला पत्र धाडलं, ते एका ऐकीव गोष्टीवरून. लग्नाच्या पंगतीत कुणीतरी सांगितलं, की हिच्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे दर्जा तपासणीच्या प्रयोगशाळेत, रात्रपाळीची मुलं डिटेक्टरच्या झाकणाखालचा स्विच चिकटपट्टीने दाबून ठेवतात. झाकण उघडलं तरी लॅम्प विझत नाही, काम लवकर उरकतं. मामांचा हात पानातच थांबला. तारापूरच्या औषध कारखान्यात त्यांची उभी हयात औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसीच्या मशिनींपुढे गेलेली.

'खरं की खोटं, एवढंच कळव.' पत्राची सुरुवातच ही. ख्यालीखुशाली नाही, आशीर्वादही नाही.

मग फैलावर घेणं. डिटेक्टरमधला ड्युटेरियम लॅम्प १९० नॅनोमीटरपासूनचे अतिनील किरण सोडतो. पेटता लॅम्प उघड्या डोळ्यांनी पाहिला तर त्या क्षणी काही जाणवत नाही. काही तासांनी, खोलीवर जाऊन आडवं झाल्यावर, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं. 'आणि आपल्या घराण्यात डोळ्यांची काय श्रीमंती आहे, ते तुला ठाऊक आहे. आजीचं शेवटचं वर्ष आठव.'

लॅम्प बदलायचा तर आधी बंद करायचा, मशीनचा मेन स्विच पाडायचा, प्लग काढायचा आणि लॅम्प गार होईपर्यंत थांबायचं. काचेला उघडं बोट लावायचं नाही. बोटाचा तेलकट डाग तापून तिथेच भाजला जातो आणि प्रकाश अडतो. चुकून लागलंच, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मगच बसवायचा. मुळात आलेखाची बेसलाइन नाचायला लागली की सगळे लॅम्पच्या नावाने खडे फोडतात. पुष्कळदा फ्लो सेलमध्ये हवेचा बुडबुडा अडकलेला असतो, नाहीतर फॉस्फेट बफर पाण्याने न धुता कुणीतरी थेट ॲसिटोनायट्राइल सोडलेलं असतं आणि मीठ खाली बसलेलं असतं. सेल नायट्रिक ॲसिडने धुवायची वेळ आलीच, तर मॅन्युअलमध्ये परवानगी आहे का ते बघायचं, कॉलम काढून ठेवायचा, आधी पाणी, नंतरही पाणी. ते ॲसिड मिथेनॉलच्या वेस्ट कॅनमध्ये ओतायचं नाही. आत वायू तयार होत राहतो आणि बूच घट्ट असेल तर कॅन फुटतो.

'ते असो. त्या पट्टीचं सांग.'

पुढे अक्षर जरा बदललं आहे, बहुधा दुसऱ्या दिवशी लिहिलेलं. तरुणपणी गॉगल घालणाऱ्या एका सहकाऱ्याला सगळी पाळी 'हिरो' म्हणून चिडवायची. हसणाऱ्यांत मामाही होते. त्याने महिनाभरात गॉगल कपाटात टाकला. 'तेव्हा मी गप्प बसलो असतो तरी पुरे होतं,' एवढंच लिहून मामांनी तो विषय सोडला आहे.

आणि मग राग ओसरतो. पट्टी तू लावली नसशीलच, पण लावणाऱ्याशी भांडूही नकोस. सिनिअरला एकट्यात सांग, लॉगबुकात लिही. रात्रपाळीला डबा नेतेस ना? ऑडिट जवळ आलं की तू जेवत नाहीस, असं तुझी आई म्हणते. नोकरी सोडून यावंसं वाटलं तर ये, कुणी काही विचारणार नाही, मी बघतो.

पत्रासोबत कुरिअरने पॉलिकार्बोनेटचा गॉगल आला. 'रंग तुझ्या आईने निवडलाय. नावडला तर तिच्याशी भांड, मला मध्ये घेऊ नकोस. आणि ते पट्टीचं कळव.'