खरें वेष्टन आणि खोटें वेष्टन

आजाऱ्याच्या उशाशीं ठेवलेलें औषध खरें कीं खोटें, हें आपण बहुधा त्याच्या खोक्यावरूनच ठरवितों. हेंच ओळखून लबाड मनुष्य प्रथम खोक्याची नक्कल करितो. तळवलीस लागूनच ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा असल्यामुळें छापील वेष्टनें तुम्हांस नवीं नाहींत. तीं पारखावीं कशीं, हें आज पाहूं.

खोक्यावरील रंगीत चित्र भिंगाखालीं धरा. तें निळसर, गुलाबी, पिवळ्या व काळ्या ठिपक्यांचें बनलेलें दिसेल. नक्कल करणारापाशीं मूळ आराखडा नसला, म्हणजे तो छापील खोक्याचेंच छायाचित्र घेऊन पुन्हा छापतो. मग ठिपक्यांवर ठिपके चढतात, बारीक अक्षरांच्या कडा फुगतात, रंगाची छटा ढळते. डोळ्यास न दिसणारा हा फरक संगणक मोजूं शकतो.

१९३० सालीं क्लाइड टॉम्बो यांनीं एकाच आकाशभागाचीं दोन छायाचित्रें आळीपाळीनें पाहून जागा बदलणारा ठिपका हेरला, तोच प्लूटो. येथेंही रीत तशीच आहे. खऱ्या व संशयित खोक्यांचीं चित्रें एका मापाचीं करून एकमेकांवर बसवितात आणि प्रत्येक बिंदूची उजळता वजा करितात. बाकी जेथें मोठी राहील, तेथें संशय.

परंतु किती बाकी म्हणजे मोठी? आमच्या वर्गांत एकाच औषधाचीं दोन खोकीं ताडून पाहतां एक फिकें निघालें, आणि कांहीं मुलांनीं दुकानदारास तत्काळ लबाड ठरविलें. आम्हीं त्यांस खोकीं उलटून पाहावयास सांगितलें. दोहोंवरील खेपेचे क्रमांक निराळे होते! शाई कमीजास्त झाली, कागद बदलला, प्रकाश तिरका पडला, तरी फरक पडतोच. म्हणून निरनिराळ्या खेपांचे अनेक खरे नमुने घेऊन खऱ्याखऱ्यांतच किती अंतर असतें, तें आधीं मोजावें लागतें. मर्यादा फार घट्ट केली तर निर्दोष मनुष्य दोषी ठरतो. फार सैल केली तर खोटें औषध घरांत येतें.

१ ऑगस्ट २०२३ पासून भारतांत तयार होणाऱ्या ३०० नामांकित औषधांवर क्यूआर संकेत छापणें सक्तीचें झालें. तथापि संकेताचीही नक्कल होऊं शकते, आणि खऱ्या रिकाम्या खोक्यांत खोटें औषध भरतां येतें. यास्तव औषध संपल्यावर खोकें फाडून टाकावें, पावती जपावी, व शंका आल्यास अन्न व औषध प्रशासनास कळवावें.

संशय हा तपासाचा आरंभ होय, निकाल नव्हे. एवढें ध्यानांत धरिलें तरी आजचा पाठ सार्थकीं लागला असें आम्ही समजूं.