रंग फोडणारी बुरशी

मुलांनो, नवी निळी जीन्स पहिल्यांदा धुताना बादलीतले पाणी पाहिले आहे का? ते निळे होते. हे झाले एका कपड्याचे. मग जिथे दररोज हजारो कपडे रंगवतात, तिथल्या पाण्याचे काय होत असेल?

आपल्या मॉरिशसमध्ये १९७० साली निर्यात क्षेत्राचा कायदा झाला आणि पुढे कापडाचे व तयार कपड्यांचे पुष्कळ कारखाने निघाले. तुमच्यापैकी कुणाची आजी, कुणाची मावशी तिथे कामाला गेली असेल. कापड रंगवताना सगळा रंग कापडाला चिकटत नाही. उरलेला पाण्याबरोबर वाहून जातो. असे पाणी तसेच नदीत सोडले, तर ऊन तळापर्यंत पोहोचत नाही. पाण्यातल्या वनस्पतींना अन्न तयार करता येत नाही. पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि मासे गुदमरतात. आपल्या नद्या लहान आहेत. त्यांतले पाणी थोड्याच वेळात समुद्राला, प्रवाळांपाशी जाऊन मिळते.

म्हणून हे पाणी आधी शुद्ध करावे लागते. पण रंग सहज जात नाही. जाईल कसा? उन्हाने, पाण्याने, साबणाने उडू नये म्हणूनच तर तो बनवलेला असतो!

इथे एक बुरशी उपयोगी पडते. शिळ्या पावावरची नव्हे हं! ही कुजक्या ओंडक्यावर वाढते. लाकडात लिग्निन नावाचा चिवट, तपकिरी पदार्थ असतो. त्यामुळे लाकूड टणक होते. बहुतेक जीवांना लिग्निन पचत नाही. ही बुरशी मात्र ते फोडते आणि मागे पांढरट लाकूड उरते. हिच्यातल्या एका जातीचे नाव ट्रॅमेटेस व्हर्सिकलर. ती ओंडक्यावर लहान पंख्यांसारखी दिसते आणि तिच्यावर रंगीत वलये असतात.

बुरशीला ना तोंड, ना दात. मग ती लाकूड कसे खाते? भाताचा घास खूप वेळ चावा. तो गोड लागू लागतो. ते लाळेतल्या विकराचे काम. बुरशीही आपल्या बारीक धाग्यांतून विकरे बाहेर सोडते. लिग्निनची रचना फार वेडीवाकडी असते, म्हणून ते फोडणारी विकरे एकाच पदार्थावर अडून बसत नाहीत. रंगाचे कणही ती फोडतात. लॅकेस हे असेच एक विकर. जीन्सचा निळा रंग मुद्दाम फिका करण्यासाठी काही कारखाने तेच वापरतात.

मग प्रत्येक कारखान्यात ही बुरशी का नाही? ती सावकाश काम करते, तिला कित्येक दिवस लागतात. तिला थोडे आंबट पाणी मानवते, तर रंगाच्या पाण्यात बहुधा सोडा आणि मीठ असते. शिवाय सांडपाण्यातले जीवाणू तिला वाढू देत नाहीत. प्रयोगशाळेत जमते ते मोठ्या हौदात जमवणे कठीण आहे.

आणखी एक गोष्ट. पाणी स्वच्छ दिसले म्हणजे ते निर्धोक झाले असे नाही. कधी रंग फुटत नाही, नुसता बुरशीच्या धाग्यांना चिकटून बसतो. कधी फुटलेले तुकडेच विषारी असतात. म्हणून शास्त्रज्ञ त्या पाण्यात बिया भिजत घालतात आणि त्यांना मोड येतात का, मुळे नीट वाढतात का, ते पाहतात.