रिपोर्ट पास, तरी कंटेनर अडकला

धंद्यात दोघं-तिघं निर्णय घेणारे झाले की एक प्रश्न येतोच. ऐकायचं कोणाचं? एका विषयातल्या तज्ज्ञाचं, की सगळीकडचं थोडंथोडं कळणाऱ्याचं?

आपल्या नाशिकच्या द्राक्षांचंच उदाहरण घ्या. २००३ मध्ये नेदरलँड्सला आपल्या मालात मेथोमिल या कीटकनाशकाचा अंश सापडला. मग अपेडाने शिस्त बसवली: बागेची नोंदणी, नमुना, लॅबचा रिपोर्ट, त्यानंतरच कंटेनर. आणि तरीही २०१० ला माल युरोपात अडकला. कारण क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे शेतकऱ्यांच्या तोंडचं लिहोसिन. छाटणीनंतर वेलीची नको ती वाढ रोखायला ते वापरलं जायचं. युरोपची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, आणि आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत हे नावच नव्हतं!

म्हणजे बघा, लॅबने यादीतलं सगळं तपासलं. निर्यातदाराने रिपोर्ट बघून माल भरला. बागायतदाराने नेहमीचंच औषध मारलं. आपापल्या जागी कुणाचंच काही चुकलं नव्हतं. पण तपासणीची यादी आणि बागेतली फवारणीची वही शेजारी-शेजारी ठेवून वाचणं, हे काम नेमकं कोणाचं होतं? त्याला डॉक्टरेट लागत नाही. लागतो तो दोन्ही टोकांना फिरलेला माणूस.

आता लगेच 'तज्ज्ञ काय कामाचे' असं म्हणू नका. हे रसायन नेहमीच्या एकत्रित तपासणीत सापडत नाही, त्याला वेगळी पद्धत लागते. ते सांगणारा रसायनवालाच. पुढे त्याचं नाव यादीत आलं.

तुमच्या तिघांच्या कंपनीत हे कसं बसवायचं? समजा तुम्ही मसाले करता. माझं मत असं की चव, टिकाऊपणा, अन्नसुरक्षेचे नियम यात तज्ज्ञाला 'नाही' म्हणायचा पूर्ण हक्क द्या. तो 'नाही' म्हणाला की ऑर्डर कितीही मोठी असो, माल थांबला. पण भाव किती, दुकान कुठलं, उधारी किती दिवस, इथे त्याचं एक मत, बाकीच्यांसारखंच. फूड टेक्नॉलॉजिस्ट पगारावर परवडत नसेल तर महिन्यातून एक व्हिजिट ठरवा. सीए तसाच वापरतो ना आपण?

खरी अडचण वेगळीच असते. अंबड-सातपूरच्या छोट्या वर्कशॉपमध्ये बहुतेकदा मालक स्वतःच तज्ज्ञ असतो. मशीन त्याला कळतं, म्हणून हिशोबातही सगळे त्याच्याच तोंडाकडे बघतात. अशा ठिकाणी हिशोब सांभाळणाऱ्या वहिनींना आधी बोलू द्या, मालकाने शेवटी बोलावं. अवघड जातं, पण करून बघा.

आणि रिपोर्ट हातात आला की 'पास का?' एवढ्यावर थांबू नका. 'यात काय तपासलेलं नाही?' हेही विचारा, आणि उत्तर त्याच कागदावर लिहून घ्या.