पिणे, पाजणे आणि ड्रिंक

नाशिक जिल्ह्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी अठ्ठावीस वर्षं इंग्रजी शिकवलं. ‘ड्रिंक म्हणजे पिणे’ हे मुलं पहिल्या वर्षीच पाठ करतात आणि बहुतेकांच्या लेखी तो शब्द तिथेच संपतो. मला मात्र तो वर्षानुवर्षं पुरला. त्याच्यापायी जे कळलं, ते लिहून ठेवते.

१. अर्थाआधी शब्दाची सोबत बघावी.

आपण पाणी पितो, ताक पितो. गावाकडे माणसं बिडीही पितात. पातळ औषध आपण पितो आणि गोळी घेतो. इंग्रजीत बिडी ‘स्मोक’ करायची असते. औषध बाटलीतलं असो की गोळीचं, त्याला ‘टेक’च लागतं. सूप चमच्याने घेतलं तर ‘ईट’, पेल्याला तोंड लावून घेतलं तर ‘ड्रिंक’. दरवर्षी दोन-तीन वह्यांत ‘माय फादर ड्रिंक्स बिडी’ हे वाक्य यायचंच, आणि लाल रेघ मारून ते जात नसे. मग मी फळ्यावर रकाने आखायला लागले. मुलांनी घरातली एकेक वस्तू सांगायची आणि ती कुठल्या रकान्यात बसते ते आपसात ठरवायचं. काढ्यावरून एकदा पूर्ण तास भांडण झालं. त्या वर्गातल्या मुलांच्या वाक्यांत पुढे बिडी पुन्हा ‘ड्रिंक’च्या पंगतीला बसली नाही.

२. कर्म गाळलं की दारू येते.

माझा एक विद्यार्थी मुलाखतीला गेला होता. दिवसभर काय करतोस, असं विचारल्यावर तो म्हणाला, ‘आफ्टर ड्यूटी आय ड्रिंक’. त्याच्या मनात चहा होता. समोरच्यांनी पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा तेच ठामपणे सांगितलं. बाहेर आल्यावर मित्राने अर्थ सांगितला तेव्हा तो रडला. नोकरी मिळाली नाही. त्याचं कारण हेच होतं की दुसरं, ते कळायला मार्ग नाही. मला लागलं ते वेगळंच. ‘तो पितो’ एवढं म्हटलं की आपल्याकडेही साऱ्या गावाला कळतं. दोन्ही भाषांची रीत इथे अगदी एक आहे, आणि मी ती वर्गात कधी दाखवलीच नव्हती. तेव्हापासून चहासाठी मी आधी ‘हॅव’ शिकवायला लागले. ‘आय हॅव टी’ म्हटलं की गैरसमजाला जागा राहत नाही.

३. ड्रिंक, ड्रँक, ड्रंक ही रूपं घोकून येत नाहीत.

सिंग, रिंग, बिगिन, स्विम ही याच चालीची भावंडं. घोकून ती पाठ होतात, पण बोलताना जिभेवर येत नाहीत. ‘आय हॅव ड्रंक मिल्क’ बरोबर आणि ‘आय ॲम ड्रंक’ म्हणजे मी झिंगलो आहे, हा फरक तर तक्त्यात दिसतच नाही. आपलं ‘पिणे’सुद्धा चारचौघांसारखं वागत नाही. मुलगा ‘मी भाकरी खाल्ली’ म्हणतो. तिथे क्रियापद भाकरीच्या मागे जातं. तोच मुलगा ‘मी दूध प्यायलो’ म्हणतो आणि त्याची बहीण ‘मी दूध प्यायले’. इथे क्रियापद पिणाऱ्याच्या मागे. हा अपवाद कुणीही त्यांना शिकवला नव्हता आणि एकही मूल तो चुकत नव्हतं, कारण जन्मल्यापासून त्यांनी तो ऐकला होता. मी तक्ते बाजूला ठेवले आणि रोज पाच मिनिटं फक्त वाक्यं बोलून घ्यायला लागले.

४. पिण्याच्या तऱ्हा पिऊनच शिकाव्यात.

घुटका घेतला तर ‘सिप’, घटाघटा प्यायलं तर ‘गल्प’, भुरका मारला तर ‘स्लर्प’. यासाठी एक पाण्याचा तांब्या आणि पेला पुरतो. एवढंच सांगावं लागतं, की कढीचा भुरका आपल्या घरात चवीची दाद असतो आणि इंग्रजांच्या जेवणाच्या टेबलावर तो असभ्य ठरतो.

५. आपल्या रानात इंग्रजी आधीच आलेली असते.

हे मला फार उशिरा, एका आईने दाखवलं. पालकसभेला आलेल्या त्या बाईंना उशीर झाला होता. म्हणाल्या, ‘बाई, टोमॅटोला ड्रेंचिंग चाललंय, मध्येच सोडून आले.’ ड्रेंचिंग म्हणजे आळवणी, औषधाचं पाणी झाडाच्या बुडाशी ओतायचं, मुळांपर्यंत पोचवायचं. हा शब्द मी शेकडो वेळा ऐकला होता. त्या रात्री कोश उघडला. ‘ड्रेंच’चा मूळ अर्थ ‘पाजणे’. ‘ड्रिंक’चंच ते प्रयोजक रूप. चिंब भिजवणे हा अर्थ मागाहून आला. गुरांना किंवा मेंढ्यांना तोंडातून औषध पाजतात, त्यालाही इंग्रजीत आजवर ‘ड्रेंच’च म्हणतात.

पिणे–पाजणे, ड्रिंक–ड्रेंच. मग बाकीच्या जोड्या आपोआप दिसायला लागल्या. पडणे–पाडणे तसं फॉल–फेल. झाड पाडायचं असलं की इंग्रजीत ‘फेल’ म्हणतात. बसणे–बसवणे तसं सिट–सेट. आपल्याकडे ही जोडणी अजून चालू आहे, इंग्रजीत ती जुनी होऊन विसरली गेली. त्यामुळे हे नातं आपल्या मुलांना लवकर कळतं, हे मी वर्गात पाहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर ‘ड्रेंच’ लिहिलं आणि अर्थ विचारला. इंग्रजीच्या तासाला कधी तोंड न उघडणारा त्या बाईंचा मुलगा उठला आणि म्हणाला, ‘मुळांना पाजायचं, बाई.’

इंग्रजी शिकवणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे. रानात, गॅरेजात, औषधाच्या दुकानात आपल्या मुलांचे आईबाप रोज जे इंग्रजी शब्द बोलतात, ते आधी एका वहीत उतरवून घ्या आणि पहिला धडा त्या वहीतून शिकवा.