श्वानकल्याणार्थ

महसूल खात्यात ३२ वर्षे दुसऱ्यांच्या जमाखर्चातील चुका हुडकण्यात घालविलेल्या माणसाने स्वतःचे २१,००० रुपये देताना पावतीवरचा मजकूर वाचू नये, ही गोष्ट सांगण्याचा मला आजही संकोच वाटतो. तरी ज्यांच्या घरी कुत्रे म्हातारे होत आले आहे त्यांच्या ती उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

आमचा खंड्या अल्सेशियन. त्याच्या नवव्या वर्षी, पावसाळा सरता सरता, ओसरीच्या शहाबादी फरशीवर तो चालू लागला की मागच्या नखांचा खर्र खर्र आवाज येऊ लागला. नखे वाढली असतील अशा समजुतीने मी ती कापविली, आवाज राहिलाच. पुढे मागचा पंजा उलटा पडू लागला, आणि तो उलटा पडला आहे हे खंड्याच्या गावीही नसे. पशुवैद्य मुलगी तपासून म्हणाली, "काका, याला दुखत नाहीये, एवढंच समाधान माना." डिजनरेटिव्ह मायलोपथी हे त्या व्याधीचे नाव : मज्जारज्जूतील तंतू हळूहळू झिजतात, आधी मागचे पाय जातात, मग पुढचे, आणि त्यावर औषध नाही. दहा महिन्यांनी परसातल्या चिक्कूखाली आम्ही त्याला मूठमाती दिली.

आठवडाही उलटला नव्हता तोच एका प्राणिसंस्थेचे गृहस्थ दारी आले. श्वानांच्या मज्जाविकारांवरील संशोधनास साहाय्य करणार काय, असे त्यांनी विचारले आणि मी, डोळे अद्याप ओलेच असल्यामुळे, तत्काळ धनादेश लिहून दिला. पावतीवर एकच शब्द होता : 'श्वानकल्याणार्थ'. वर्षाने हिशेब मागितला, तेव्हा ती रक्कम भटक्या कुत्र्यांची नसबंदी, खाद्य आणि एक वार्षिक मेळावा यांत खर्ची पडल्याचे सौजन्यपूर्वक कळविण्यात आले. यास अपहार म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. नसबंदी हे श्वानकल्याण नव्हे, असे कोणता लेखापरीक्षक म्हणेल?

परंतु माझी मोठी चूक ही नव्हेच. पुढे एका पशुवैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापकांशी गाठ पडली असता, आता तरी थेट तुम्हालाच पैसे देतो, असे मी म्हणालो. त्यावर ते उत्तरले, "पैशाचं पुढे पाहू हो. त्याचा मज्जारज्जू तपासायला दिला होतात का कुणाला?" या रोगाचे निश्चित निदान मृत्यूनंतर मज्जारज्जू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावाचून होत नाही, आणि तेही शरीर ताजे असतानाच. जे मजपाशी होते आणि दुसऱ्या कोणापाशीही नव्हते, ते मी चिक्कूखाली पुरून बसलो होतो.

या रोगाचे वर्णन प्रथम १९७३ साली झाले, आणि त्याच्याशी निगडित असा एसओडी-१ जनुकातील दोष मिसूरी विद्यापीठातील संशोधक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दाखविला. त्या शोधाचा पाया किती जनावरांचा होता? पेम्ब्रोक वेल्श कॉर्गी जातीची ३८ रोगी कुत्री आणि त्यांच्याच नात्यातील १७ निरोगी. ज्या जनुकाचा माणसांतील एएलएस या असाध्य व्याधीशी असलेला संबंध १९९३ मध्येच उघड झाला होता, तोच हा जनुक. तेव्हा त्या ५५ कुत्र्यांच्या धन्यांनी रक्ताचे नमुने दिले नसते, तर नुसत्या थैल्या ओतून काय साधले असते?

थैलीचा महिमा मी कमी लेखीत नाही. डिस्टेंपर हा रोग पुष्कळदा अखेरीस मेंदूत शिरून कुत्र्याला झटके आणतो. त्याच्या संशोधनासाठी १९२३ साली इंग्लंडातील 'द फील्ड' या नियतकालिकाने निधी उभारला, आणि लेडलॉ व डंकिन या संशोधकांनी १९२८ च्या सुमारास लस सिद्ध केली. वर्गणीदारांना अर्थातच औषध हवे होते. पण पैसा प्रथम लागला तो मिल हिल येथे कधीही रोगाचा स्पर्श न झालेली कुत्री वाढविण्यासाठी बंदिस्त आवार उभारण्याला, जेथे राखणदारालाही स्नान करून, वस्त्रे बदलूनच आत जाता येई. अशा नीरस खर्चाला जो दाता नाक मुरडतो, त्याने खुशाल मेळाव्याला वर्गणी द्यावी. डिस्टेंपर ज्यांना जडतो असे, याच कामात वापरलेले फेरेट नावाचे छोटे प्राणी पुढे १९३३ मध्ये माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू सापडण्यास कारण झाले, हा नफा तर कोणाच्याही अंदाजपत्रकात नव्हता.

म्हणून सांगतो : धनादेशासोबतच्या पत्रात रोगाचे नाव घाला, आणि तेच नाव पावतीवर येईतो स्वस्थ बसू नका. काम कोण करणार, किती मुदतीत, प्राणिप्रयोग असल्यास प्राण्यांचा छळ रोखणाऱ्या १९६० च्या कायद्याखालील समितीची मंजुरी आहे काय, निष्कर्ष नकारात्मक निघाला तरी प्रसिद्ध होईल काय आणि शिल्लक रक्कम कोठे जाईल, हे लेखी विचारा. चिडून उत्तर देणाऱ्याला पैसे देऊ नयेत. रक्कम हप्त्यांनी द्यावी, आणि दुःख ताजे असताना तर मुळीच देऊ नये. कुत्र्याचा पाय प्रथम कधी घसटला ती तारीख, त्याची वंशावळ, तपासण्यांचे कागद एका फायलीत ठेवावेत. आणि मृत्यूनंतर काय करायचे हे ते धडधाकट असतानाच घरातल्यांशी बोलून ठरवावे, कारण त्या दिवशी कोणाचेही डोके ठिकाणावर नसते.

आता आमच्याकडे गल्लीतलीच एक कुत्री आहे. तिच्याविषयीचे पत्र लिहून मी पत्नीपुढे सहीसाठी ठेवले, तेव्हा तिने दोनदा वाचून विचारले, "तपासून झाल्यावर देतील ना परत?" तेवढे कलम राहिले होते. ते मी शाईने समासात घातले.