भेषजागारातील साठा व मागणी : संशोधनकक्षासाठी एक व्यवहार्य पद्धती

चरकाचार्यांनी चिकित्सेच्या चतुष्पादांत द्रव्याचे चार गुण सांगितले आहेत. बहुता, योग्यत्व, अनेकविध कल्पना व संपत् हे ते गुण होत. यांत ‘बहुता’, म्हणजे द्रव्याची पुरेशी उपलब्धता, हिला स्थान मिळावे हे लक्षणीय आहे. निदान अचूक आहे, योजनाही योग्य आहे, परंतु विसाव्या दिवशी औषधच संपले, तर चिकित्सा खंडित होते. रुग्णपरीक्षणावर आधारित संशोधन चालू असेल, तर तेवढ्याने सर्व निष्कर्षच संशयास्पद ठरतात. निफाडसारख्या तालुक्याच्या ठिकाणी चिकित्सालयास जोडून लहान संशोधनकक्ष चालविणाऱ्या वैद्यांसाठी या विषयाचा येथे विचार केला आहे.

१. शास्त्राधार

शार्ङ्गधरसंहितेत सवीर्यतेचा काळ स्पष्ट केला आहे. शुष्क वनस्पतिद्रव्य एक वर्षानंतर, चूर्ण दोन मासांनंतर, गुटी व अवलेह एक वर्षानंतर हीनवीर्य होतात. घृत-तैलांसाठी सामान्यतः १६ मास धरले जातात. आसव, धातू व रसकल्प मात्र पुराण झाल्यास गुणवान मानले आहेत. गुळवेल, वासा, कुटज, शतावरी इत्यादी द्रव्ये सदैव आर्द्र घ्यावीत, तर विडंग, पिप्पली, गूळ, धान्य, घृत व मध ही जुनी घ्यावीत असाही संकेत आहे.

औषधी नियम, १९४५ मधील नियम १६१-बी अन्वये तयार औषधांच्या वेष्टनावर वापराची मुदत छापणे आवश्यक आहे. चूर्णाच्या डब्यावरील ही मुदत दोन मासांहून बरीच अधिक असते. ती बंद वेष्टनासाठी आहे हे ध्यानात ठेवावे. डबा उघडल्यानंतर आर्द्रता व वायू यांचा संपर्क सुरू होतो. अशा वेळी शार्ङ्गधरांची मर्यादा पाळणे श्रेयस्कर होय. त्याचप्रमाणे पुराण आसव गुणवान असला, तरी छापील मुदतीनंतर तो वापरता येत नाही.

२. किमान व कमाल मर्यादा

साठ्याची किमान मर्यादा पुरवठ्यास लागणाऱ्या काळावरून ठरते, तर कमाल मर्यादा सवीर्यतेवरून ठरते. उदाहरणार्थ, एखाद्या कक्षात त्रिफळा चूर्णाचा दैनंदिन खप २०० ग्रॅम आहे व मागणी नोंदविल्यापासून माल येण्यास १० दिवस लागतात असे मानू. या काळासाठी २ किलो व सात दिवसांची राखीव बेगमी १.४ किलो, मिळून ३.४ किलो होतात. साठा या पातळीवर येताच मागणी पाठवावी. वर्षाकाळी वाहतूक लांबते, म्हणून पुरवठ्याचे १५ दिवस धरावेत. तेव्हा ही पातळी ४.४ किलो होईल.

कमाल मर्यादा ६० दिवसांच्या खपाची, म्हणजे १२ किलो होय. माल येईल तेव्हा १.४ किलो शिल्लक असेल. म्हणून एका वेळी १०.६ किलोहून अधिक मागवू नये. मात्र हा हिशेब चूर्ण कुटल्याच्या तिथीपासून करावा, खरेदीच्या तिथीपासून नव्हे. आलेले चूर्ण महिनाभर जुने असेल, तर हीच मर्यादा ४.६ किलोवर येते.

३. संशोधनातील पेच

समजा, ३० रुग्णांना प्रत्येकी प्रतिदिन ६ ग्रॅम चूर्ण ४५ दिवस द्यावयाचे आहे. एकूण गरज ८.१ किलो होते. सर्व रुग्ण एकाच दिवशी मिळत नाहीत. नोंदणीस तीन महिने लागले, तर अखेरच्या रुग्णाची चिकित्सा साडेचार महिन्यांनी पूर्ण होईल. आरंभी सर्व चूर्ण करून ठेवल्यास उत्तरार्धातील रुग्णांना हीनवीर्य औषध मिळेल. उलट, गरजेनुसार बाजारातून आणल्यास प्रत्येक वेळी द्रव्य निराळे येईल. दोन्ही प्रकारे फलाची तुलना दूषित होते.

यावर उपाय असा की, संपूर्ण अभ्यासास पुरेल इतके शुष्क द्रव्य एकाच वेळी, एकाच ठिकाणाहून घ्यावे. कुटणे व चाळणे यांतील घट लक्षात घेऊन थोडे अधिक घ्यावे. त्याची ओळख व शुद्धता तपासून ते अखंड स्वरूपात ठेवावे आणि दर महिन्यास लागेल तेवढेच चूर्ण करावे. प्रत्येक चूर्णास स्वतंत्र बॅच क्रमांक द्यावा. आर्द्रता, एकूण भस्मांश व जलविद्राव्य सत्त्व यांची परीक्षा एकाच रीतीने करावी आणि थोडा नमुना जपून ठेवावा.

४. प्रयोगशाळेचे साहित्य

या परीक्षांसाठी लागणारी आम्ले, भस्मरहित गाळणकागद, मुशी इत्यादी साहित्याची निराळी यादी असावी. मद्यार्कास राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याची पूर्तता लागते, म्हणून त्याचा पुरवठाकाळ अधिक धरावा. आम्ले द्रव्यभांडारात ठेवू नयेत. वत्सनाभ, कुचला, भल्लातक, हरताळ यांसारखी विषद्रव्ये कुलूपबंद ठेवून त्यांची वेगळी नोंद करावी.

५. निफाड परिसर व ऋतू

निफाडची थंडी सर्वश्रुत आहे. त्या काळात मध साखरतो व घृत घट्ट होते, हे बिघाडाचे लक्षण समजून माल टाकू नये. वर्षाकाळात क्षार, लवणे व गुग्गुळकल्प ओलावा धरतात, म्हणून त्यांची मागणी अल्प प्रमाणात करावी. शरद ऋतूत सर्वसामान्य द्रव्यांचे ग्रहण शास्त्रसंमत आहे, तेव्हा वार्षिक खरेदी पावसाळ्यानंतर करावी. द्राक्षारिष्टासाठी लागणाऱ्या मनुका द्राक्षहंगाम संपताच वर्षाच्या बेताने घ्याव्यात. द्राक्षबागांवर फवारणी होत असल्याने कीटकनाशकांच्या अंशाची तपासणी करून घेणे आवश्यक आहे.

साठवणीविषयी चरकाच्या कल्पस्थानातील सूचना आजही उपयुक्त आहे. अग्नी, जल, धूर, धूळ, उंदीर व चतुष्पाद यांपासून दूर, झाकून, शिंक्यात टांगून द्रव्य ठेवावे असे तेथे सांगितले आहे. आज शिंक्याचे काम भिंतीपासून सुटी असलेली मांडणी करते.

६. नोंदवही

प्रत्येक द्रव्यासाठी एक पान असावे. त्यावर आगमनतिथी, पुरवठादार, देयक क्रमांक, बॅच, परिमाण, परीक्षेचा निष्कर्ष, डबा उघडल्याची तिथी व शिल्लक लिहावी. उत्तम निर्मितीपद्धतीविषयीच्या अनुसूची ‘टी’मध्ये आधी आलेला माल आधी वापरण्याचे तत्त्व सांगितले आहे. नवा माल मागे व जुना पुढे मांडल्यास ते सहज पाळले जाते. परीक्षा न झालेला, स्वीकृत व अस्वीकृत माल यांच्या जागा भिन्न असाव्यात. महिनाअखेरीस प्रत्यक्ष वजन करून वहीशी मेळ घालावा. हे काम एकाच व्यक्तीकडे सोपवावे, परंतु तपासणी वैद्याने स्वतः करावी.

सारांश, साठा ही केवळ व्यापाराची बाब नव्हे. रुग्णाच्या हाती पडणारी पुडी सवीर्य असेल की नाही, हे बव्हंशी मागणीपत्र लिहिताना ठरते. म्हणून भेषजागाराच्या वहीस रुग्णपत्रिकेइतकेच महत्त्व दिले पाहिजे.