मदतनिधी आणि त्याचे न्याय्य वाटप

दामाजीपंतांची कथा आपल्या सीमाभागात लहानथोरांना ठाऊक आहे. मंगळवेढ्याचे हे अधिकारी बीदरच्या बादशहाच्या चाकरीत होते. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारे भुकेल्यांसाठी उघडली आणि पुढे विठोबाने विठू महाराच्या रूपात बीदर दरबारी धान्याचे मोल भरले, अशी ही कथा. दयेचे कौतुक सर्वच करतात. मला मात्र त्यातील एक तपशील मोलाचा वाटतो: पैसे भरल्यावर विठूने पावती घेतली. देवालाही जी पावती चुकली नाही, ती निधी जमवणाऱ्या आपणांस कशी चुकेल?

2015 च्या दुष्काळात नाना पाटेकर व मकरंद अनासपुरे यांनी मराठवाड्यातील आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या पत्नींना प्रत्येकी 15,000 रुपयांचे धनादेश दिले. लोकांकडूनही मदत येऊ लागली आणि त्याच वर्षी ‘नाम फाउंडेशन’ स्थापन झाले. लोकांचा पैसा आला की हिशेबाची जबाबदारीही येते, हा त्यातला पहिला धडा. दुसरा धडा असा, की मदत थेट त्या बाईच्या हाती पडावी.

परंतु द्यावे कोणाला आणि किती? सरकारी मदत जमिनीच्या मापाने मिळते. 2022 ते 2026 या काळाच्या आपत्ती निकषांत कोरडवाहू पिकाला हेक्टरी 8,500 रुपये, तेही 2 हेक्टरांपर्यंत, असा दर होता. बीदर-कलबुर्गीच्या तूर पट्ट्यात बटईने कसणाऱ्याचे नाव पहाणीत नसते आणि मजुराला तर जमीनच नसते. पीक बुडाले की त्याची मजुरी बुडते. भरपाई मात्र दुसऱ्याच्या खात्यात जाते. म्हणून सरकारी मदत जेथे पोचत नाही, तेथे लोकनिधीने आधी पोचावे, असे माझे मत आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, निधी 66,000 रुपये व कुटुंबे 20 आहेत. सरसकट वाटल्यास प्रत्येकी 3,300 येतात. आता 8 भूमिहीन व बटईदार कुटुंबांना प्रत्येकी 3 वाटे, 8 अल्पभूधारकांना 2 आणि 4 मोठ्या शेतकऱ्यांना 1 वाटा धरा. एकूण वाटे 44, एक वाटा 1,500 रुपयांचा. म्हणजे अनुक्रमे 4,500, 3,000 व 1,500 रुपये. पैसा तेवढाच, पण गरजेप्रमाणे गेला.

यासाठी तीन नियम पुरेत. वाटपाचे निकष पैसे जमवण्यापूर्वीच ठरवावेत. यादी चावडीवर मराठीत व कन्नडमध्ये वाचून दाखवावी आणि हरकतींना आठ दिवस द्यावेत. यादी करणाऱ्याने आपल्या नातलगाच्या अर्जावर निर्णय देऊ नये.

यादी वाचताना कुरबुर होईल, हे खरे. पण मागून झालेल्या कुजबुजीपेक्षा ती बरी. कुजबुजीने एकदा विश्वास गेला, तर पुढच्या दुष्काळात डबा रिकामाच परत येतो आणि त्याची झळ ज्याच्या नावावर काहीच नाही, त्यालाच लागते. विद्यार्थी मित्रहो, निधी जमवायला निघताना डब्याबरोबर पावतीपुस्तकही घ्या.